इंडी ५०० चा सराव आणि पात्रता फेरी: चित्रापेक्षा टायमिंगचं पान बरं

इंडिकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरचं लाइव्ह टायमिंगचं पान फुकट आहे, आणि तिच्यातली सगळ्यात मोठी शर्यत असलेल्या इंडियानापोलिस ५०० च्या आधीचे दहा-बारा दिवस समजून घ्यायला ते एकटं पुरेसं आहे. हा आमचा निकाल, आधीच सांगून टाकतो. व्हिडिओ मिळाला तर बघा, नाही मिळाला तरी काही अडत नाही. एकटी गाडी ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर गोल फिरत असते. ती चांगली चालली की वाईट, हे चित्रातून फारसं कळत नाही. आकड्यांतून कळतं. अट एवढीच, की कोणता आकडा बघायचा हे माहीत पाहिजे. ते पान हे सांगत नाही. नवख्याला ते नुसतं नावांचं आणि दशांशांचं जंगल वाटतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा दोष हाच.

आधी घड्याळ जुळवून घ्या. तिथले सगळे वेळ अमेरिकेच्या पूर्व भागाच्या वेळेत दिलेले असतात. मे महिन्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे. दुपारी १२ ते ६ असा सराव म्हणजे आपल्याकडे रात्री ९:३० ते पहाटे ३:३०. वाळूज किंवा शेंद्र्याला दुसऱ्या पाळीत काम करून मध्यरात्री घरी येणाऱ्याला ही वेळ बरी पडते, कारण सरावाचा खरा कस शेवटच्या तासात असतो. तो आपल्या २:३० ते ३:३०. सकाळी आठला ऑफिस गाठायचं असेल तर पहिले चार तास सरळ झोपा आणि गजर लावून उठा. मे महिन्यात वळवाचं वादळ आलं की लाईट जाते, हे गृहीत धरून राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. टायमिंगच्या पानाला व्हिडिओच्या मानाने डेटा अगदीच कमी लागतो. नेटवर्क रडत असलेल्या गावातही ते चालून जातं. फोन आडवा धरा, नाहीतर कामाचे रकाने नजरेआड राहतात.

आता आकडे. ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे ४.०२ किलोमीटर. वेग मैलांत दिलेला असतो. ९००० ला त्या वेगाने भागलं की एका लॅपचे, म्हणजे ट्रॅकच्या एका वळशाचे, सेकंद निघतात: २२५ मैलांना बरोबर ४० सेकंद, २३० ला ३९.१३. दुसरी गंमत यातूनच कळते. २३२ च्या आसपास एका मैलाचा फरक म्हणजे लॅपमागे सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणारी शनिवार-रविवारची पात्रता फेरी चार लॅपची असते, म्हणजे दहा मैल, आणि चारही लॅपचा एकूण वेळ धरून सरासरी वेग काढतात. एक लॅप चांगली लागली याला इथे काडीचीही किंमत नाही. कारखान्यात मायक्रोनचे रिपोर्ट वाचायची सवय असलेल्यांना हे पान पहिल्याच रात्री आवडतं, असा अंदाज आहे.

सरावाच्या यादीत सगळ्यात वर असलेलं नाव बहुतेक वेळा फसवं असतं. कारण टो. एसटीच्या मागे मोटारसायकल लावली की वारा अंगावर येत नाही आणि गाडी कमी एक्सलरेटरवर पळते, तसंच हे. पुढच्या गाडीने हवा फाडून ठेवलेली असते आणि मागच्या गाडीचा सरळ रस्त्यावरचा वेग वाढतो. दोन-तीन गाड्यांच्या मागे नेमक्या अंतरावर येऊन एक लॅप लावली की मधल्या फळीतला ड्रायव्हरही पहिल्या पाचात दिसतो. पात्रता फेरीत मात्र ट्रॅकवर तो एकटाच असतो, टो द्यायला कुणी नाही. म्हणून सरावानंतर अधिकृत निकालांसोबत येणारी ‘नो टो’ यादी उघडा. पुढे ठरावीक अंतरात दुसरी गाडी नसताना लावलेला वेगच त्यात धरतात. मुख्य यादीत दुसरा आणि नो टो यादीत बाविसावा असा कुणी दिसला तर त्याच्यावर पैज लावू नका. उलट मुख्य यादीत पंधरावा आणि नो टो यादीत तिसरा दिसला, तर ते नाव वहीत लिहून ठेवा.

सुरुवातीच्या दिवसांत नवख्या ड्रायव्हरांची चाचणीही असते. तीन टप्पे: २०५ ते २१० मैलांवर १० लॅप, २१० ते २१५ वर १५, आणि २१५ च्या वर १५. बघण्यासारखं त्यात फार नाही. शिस्तीत ठरलेल्या वेगात फिरायचं, एवढंच. ती सोडली तरी चालेल.

शुक्रवार मात्र सोडू नका. त्याला फास्ट फ्रायडे म्हणतात. त्या दिवशी इंजिनांचा बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला जातो. २.२ लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही ६ इंजिन, होंडाचं किंवा शेवरलेचं. शर्यतीत १.३ बार असलेला दाब शुक्रवारपासून पात्रता फेरी संपेपर्यंत १.५ बारवर नेतात. सुमारे शंभर अश्वशक्ती जास्त मिळते. म्हणजे मंगळवार ते गुरुवारचे आकडे आणि शुक्रवारचे आकडे एका तक्त्यात मांडायचे नाहीत. शुक्रवारी अचानक सगळ्यांचे वेग चार-पाच मैलांनी उडी मारतात ते यामुळे, कुणी काही जादू केली म्हणून नव्हे. त्याच वेळी मागच्या पंखाचा कोन कमी करत जातात. पंख सपाट केला की हवेचा अडथळा घटतो, सरळ रस्त्यावर वेग वाढतो, पण वळणात टायर जमिनीला दाबून धरणारा जोरही घटतो. किती कमी करायचा, यावर सगळा खेळ.

इथे लॅप रिपोर्ट, म्हणजे प्रत्येक लॅपची वेगळी नोंद, उपयोगी पडतो. त्यात गाडीच्या सलग चार मोकळ्या लॅप शोधा आणि पहिली व चौथी यांतला फरक काढा. समजा एका गाडीच्या लॅप २३२.६, २३१.९, २३१.०, २२९.९ अशा आल्या. दुसरीच्या २३१.८, २३१.७, २३१.५, २३१.२. पहिलीचा सगळ्यात मोठा आकडा बातमीत येईल, पण सरासरी पहिलीची २३१.३५ आणि दुसरीची २३१.५५. पहिल्या गाडीने पंख गरजेपेक्षा जास्त सपाट केला आहे. तिसऱ्या लॅपपर्यंत टायर तापून पकड सुटते आणि ड्रायव्हरला पाय उचलावा लागतो. पाय एकदा उचलला की पुढच्या सरळ रस्त्यावरचाही वेग जातो, म्हणून घसरण एका वळणापुरती राहत नाही. सेक्शन टाइम्सचा, म्हणजे ट्रॅकच्या एकेका तुकड्याच्या वेळांचा, तक्ता जोडीला उघडला तर नेमकं कोणत्या वळणात पाय उठला तेही दिसतं. चारही लॅपमध्ये तिसऱ्याच वळणाचा तुकडा हळू होत चालला असेल तर दोष समोरच्या टायरांचा किंवा वाऱ्याचा असू शकतो. चारही वळणं सारखी मंदावत असतील तर पंखाचा कोन चुकला असं समजायला हरकत नाही.

ड्रायव्हरच्या हातात दोन-तीनच गोष्टी असतात. पुढचा आणि मागचा अँटी-रोल बार आणि वेट जॅकर, म्हणजे गाडीचं वजन तिरप्या कोपऱ्यांवर कमी-जास्त करणारं यंत्र. चार लॅपमध्ये टायर बदलत जातात तसे हे फिरवत राहावं लागतं. गाडी नाक भिंतीकडे नेत असेल तर एकीकडे, मागचा भाग सुटत असेल तर दुसरीकडे. रेडिओवर ड्रायव्हर ‘पुश’ म्हणाला तर पहिला प्रकार, ‘लूज’ म्हणाला तर दुसरा. पुशमध्ये वेग जातो, लूजमध्ये गाडी जाते. म्हणून नवखे थोडा पुश ठेवून येतात आणि पोल, म्हणजे शर्यतीतली सगळ्यात पुढची जागा, मागणारे लूजच्या काठावर.

वाऱ्याचा हिशेब बहुतेक प्रेक्षक करत नाहीत, आणि आमच्या मते शनिवारचे निम्मे धक्के त्यातच असतात. गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. मुख्य सरळ रस्ता पश्चिमेला, त्यावर गाडी दक्षिणेकडे जाते आणि पहिल्या वळणात शिरते. मागच्या सरळ रस्त्यावर ती उत्तरेकडे जाऊन तिसऱ्यात शिरते. वारा दक्षिणेचा असेल तर पहिल्या वळणाआधी तो समोरून लागतो: वेग थोडा कमी, पण पंखांवर हवा जास्त, म्हणून पकड चांगली. तोच वारा तिसऱ्या वळणाआधी पाठीमागून येतो. गाडी जास्त वेगाने शिरते आणि पंखांवर हवा कमी, असा दुहेरी तोटा. वारा उत्तरेचा झाला की सगळं उलटं, आणि मग पहिलं वळण खायला उठतं. फोनवर इंडियानापोलिसचं हवामान उघडून वाऱ्याची दिशा टायमिंगच्या शेजारी ठेवा. पाच पैशांचं काम आहे, पण कोणत्या वळणात अपघात होईल याचा अंदाज याहून चांगला दुसरा नाही. उत्तरेचा जोरदार वारा असताना पहिल्या वळणात पाय न उचलता चार लॅप काढणाऱ्याला आम्ही पोलवाल्याइतकाच मान देतो.

ऊन हा दुसरा भाग. उन्हात ट्रॅक तापला की डांबर घसरट होतं, आणि तापलेली हवा विरळ असल्याने पंखांचा जोरही कमी पडतो. इथे परभणी-नांदेडला मे महिन्यात जे ४२-४३ अंश असतात तसलं तापमान तिथे नसतं, पण ट्रॅकचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूपच जास्त तापतो. म्हणून सकाळी लवकर क्रमांक लागलेल्यांचा फायदा होतो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास फारसं कुणी सुधारत नाही. संध्याकाळ होत आली की पश्चिमेच्या स्टँडची सावली मुख्य रस्त्यावर पडते, ट्रॅक थंड होतो आणि रांग पुन्हा लांबते.

शनिवारी कोणती गाडी कधी ट्रॅकवर उतरणार, तो क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. २०२२ ते २०२५ या वर्षांत पद्धत अशी होती: प्रत्येकाला एक हक्काचा प्रयत्न, पहिले १२ जण रविवारी पोलसाठी, १३ ते ३० क्रमांक तिथेच पक्के, आणि उरलेले रविवारी शेवटच्या तीन जागांसाठी. एकूण जागा ३३, तीन-तीनच्या अकरा रांगा. २०२५ ला ही फेरी तिथल्या ११ ते ५:५० होती, आपल्याकडे रात्री ८:३० ते पहाटे ३:२०.

पहिला प्रयत्न झाल्यावर दोन रांगा उघडतात. पहिल्या लेनमध्ये उभं राहायचं तर आधीचा वेळ रद्द करावा लागतो, पण तुमचा नंबर आधी लागतो. दुसऱ्या लेनमध्ये जुना वेळ राखून नव्याने प्रयत्न करता येतो, मात्र पहिली लेन रिकामी असेल तेव्हाच. तिसाव्या क्रमांकाच्या आसपास असलेल्या टीमची इथे कसोटी. हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागायचं का? शेवटचा अर्धा तास म्हणूनच बघण्यासारखा. टायमिंगवर एखाद्या गाडीचा वेग एकदम गायब झालेला दिसला तर समजा, तिने वेळ मागे घेतला आहे आणि ती पहिल्या लेनमध्ये आली आहे. एकापाठोपाठ प्रयत्न करणाऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स तापलेले असतात, म्हणून दुसरा-तिसरा प्रयत्न क्वचितच पहिल्यापेक्षा चांगला होतो. टीमकडून ‘अजून आहे’ असं ऐकलं तरी फार विश्वास ठेवू नका.

अपघात झाला तर सगळं नव्याने. २०२५ च्या शनिवारी कोल्टन हर्टाची गाडी भिंतीला धडकून उलटी घसरत गेली. त्याच दिवशी टीमने दुसरी गाडी उभी केली आणि तो पात्र ठरला.

रविवारची रात्र आपल्याकडे सोमवार पहाटेवर जाते. २०२५ ला १२ जणांची फेरी आपल्या १:३५ ला, शेवटच्या रांगेची २:४५ ला आणि पहिल्या सहांची ३:५५ ला होती. एकच बघायची ताकद असेल तर शेवटच्या रांगेची बघा. पोलवाला हरला तरी पहिल्या दोन रांगांत उभा राहतो. इथे हरलेला घरी जातो. २०१९ मध्ये दोन वेळचा फॉर्म्युला वन विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो २२७.३५३ वर थांबला आणि आदल्या शुक्रवारी गाडी ठोकलेल्या कायल कायझरने २२७.३७२ लावून त्याला बाहेर काढलं. मैलाचा पन्नासावा भाग. त्या वेळी अलोन्सोच्या टीमच्या तयारीतल्या ढिसाळपणाची जाहीर चर्चा झाली होती: पहिल्या चाचणीला स्टिअरिंग व्हीलच तयार नव्हतं, आणि एकके बदलताना मोजमाप चुकलं. २०२३ ला ग्रॅहम रहाल आपल्याच टीमच्या जॅक हार्वीकडून बाहेर पडला, तेही शेवटच्या प्रयत्नात, चार लॅपमध्ये मिळून सेकंदाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी फरकाने. नंतर स्टीफन विल्सन सोमवारच्या सरावात जखमी झाला आणि रहालला त्याच्या गाडीत बसवलं. २०२५ ला चार जण आणि तीन जागा, जेकब अबेल बाहेर.

पोलच्या फेरीत नवा विक्रम होईल का, हा प्रश्न दर वर्षी येतो. १९९६ ला एरी लुएंडाइकने चार लॅपची सरासरी २३६.९८६ लावली, ती अजून टिकून आहे; पण त्याला पोल मिळाला नव्हता. पोल मिळवणाऱ्यांत सगळ्यात वेगवान २०२४ चा स्कॉट मॅक्लॉक्लिन, २३४.२२०. २०२५ ला गाडीवर पहिल्यांदा हायब्रिडचं जादा वजन होतं; रॉबर्ट श्वार्ट्झमनने २३२.७९० वर पोल घेतला, चार लॅप सुमारे २ मिनिटं ३४.६ सेकंदांत. दुसरा ताकुमा सातो २३२.४७८. नवख्याने पोल घेण्याची ही १९८३ च्या तेओ फाबीनंतरची पहिलीच वेळ. त्याची प्रेमा टीमही तेव्हा इथे नवीच होती. टायमिंगच्या नोंदी बघून हे आधी ओळखता आलं असतं, असा दावा कुणी केला तर हसून सोडून द्या.

तपासणीकडेही लक्ष ठेवा. पानावर त्याचा रकाना नाही, बातमी वेगळी शोधावी लागते, ही उणीव आहे. २०२५ च्या रविवारी बारांच्या फेरीआधी पेन्स्के टीमच्या जोसेफ न्यूगार्डन आणि विल पॉवर यांच्या गाड्यांच्या मागच्या अटेन्युएटरमध्ये, म्हणजे धडकेचा धक्का शोषणाऱ्या भागात, नियमाबाहेर फेरफार आढळला. दोघेही शेवटच्या रांगेत गेले. त्याच दिवशी सरावात मॅक्लॉक्लिनने गाडी ठोकली. पोलसाठी बारा असायचे, धावले नऊच. आदल्या रात्री मांडलेले सगळे अंदाज त्या तासाभरात कचऱ्यात गेले.

सोमवारी दोन तासांचा सराव असतो, आणि शर्यतीआधीच्या शुक्रवारी कार्ब डे, म्हणजे शेवटचा सराव. बूस्ट पुन्हा १.३ बारवर आलेला, पंख पुन्हा उभे. इथे नो टो यादी बाजूला ठेवा, उलटी नजर लावा: गर्दीत मागे राहून कोणाची गाडी टिकते. टाकीत सुमारे ७० लिटर इंधन मावतं आणि एका भरणीत तीसच्या आसपास लॅप निघतात. म्हणून वीस लॅपनंतर, टायर झिजलेले असताना, समोर चार-पाच गाड्या असूनही ज्याचा लॅपटाइम स्थिर आहे, तो शर्यतीचा माणूस. पोलवाला आणि हा वेगळा असू शकतो. कार्ब डे तिथल्या ११ ते १ असला तर आपल्याकडे रात्री ८:३० ते १०:३०; जेवण करून आरामात बघता येतो, पोरांनाही दाखवता येतो. संपूर्ण पंधरवड्यात मराठवाड्यातल्या नोकरदार माणसाला सोयीचं असं हे एकच सत्र.

गुण द्यायचेच तर: टायमिंगच्या पानाला पाचपैकी चार. आकडे इतके तपशीलवार फुकट देणाऱ्या शर्यती कमी आहेत. एक गुण कापला तो किलोमीटरची सोय नाही आणि नवख्याला काहीच समजावलेलं नाही म्हणून. शनिवारच्या फेरीला साडेचार, शेवटच्या अर्ध्या तासाला पूर्ण पाच. मंगळवार-बुधवारच्या सरावाला दोन. झोप त्याहून महत्त्वाची. सोबत रेडिओ समालोचन लावलंत तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: आवाज टायमिंगच्या मागे पडू शकतो. समालोचक ‘तिसरी लॅप’ म्हणत असताना पानावर चौथीचा आकडा आलेला असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवा आणि आवाज थोडा बारीक करा, घरातले झोपलेले असतात.